दोन सूत

गॅरेजची उंची झाडूने मोजली,
कारण टेप श्रीरंगने कुठेतरी ठेवला होता, आणि तो लीड्सला.
दीड झाडू, एक वीत, वर तीन बोटं.
तुळई नेमकी तिथेच खाली उतरते
जिथे मशीन उभं करायचंय.
दुसरीकडे करता येत नाही,
उरलेल्या जागेत बॉयलर आहे, मुलाची सायकल आहे,
आणि ओल. कीथलीची ओल, जी
हातोडीवरसुद्धा रात्रीत तांबूस साय धरते.

वर्षभर कानशीने घासत होते.
एका पितळी पट्टीच्या दोन कडा समांतर व्हाव्यात म्हणून
तीन रविवार गेले,
तरी गुण्या लावला की मधून उजेड दिसायचाच,
केसभर, निर्लज्ज.
त्या उजेडामुळे मला मिलिंग मशीन हवंय.
चारचौघांत सांगण्यासारखं हे कारण नाही.
दिवसभर मी इस्पितळात लोकांचे एक्स-रे काढते,
मोडलेलं मनगट काचेवर ठेवते,
पडद्याआड जाते.

एडगर सग्डनचं मशीन हिरवं, सातशे किलोचं,
थ्री-फेज, लोकरीच्या गिरणीतून आलेलं,
बुडाशी जुनं तेल काळ्या गुळासारखं.
तो एक्क्याऐंशीचा. साखर विचारली नाही, घातली.
म्हणाला, चाक फिरव.
टेबल लोण्यातून गेल्यासारखं गेलं.
आता उलटं.
उलटं फिरवलं, तर चाक नुसतंच फिरत राहिलं,
पाव फेरा, त्याहून थोडं जास्तच,
टेबल जिथल्या तिथे.
"सगळ्यांतच असतं," तो म्हणाला,
"किती आहे ते ठाऊक असलं म्हणजे झालं."

मग विचारलं, बनवायचं काय आहे?
घड्याळ, वाफेचं इंजिन, असलं काही
सांगता आलं असतं.
म्हटलं, अजून ठरलं नाही.
तो हसला नाही. टेप आणून
मशीनच्या डोक्याला लावला,
आकडा माझ्या हातावर पेनाने लिहिला
आणि माझं झाडूचं गणित ऐकून म्हणाला,
घरी जा, नीट मोज.

नीट मोजलं. दोन सूत कमी.
सूत हा शब्द वडिलांचा.
ते पोस्टात कारकून, पण तसबीर लावताना
लांब उभे राहून म्हणायचे, दोन सूत डावीकडे.
फोनवर सग्डन म्हणाला, पाव इंच.
तुळई कापू नकोस, पोरी.
आणि हे घेऊ नकोस.
मग बराच वेळ फोनवर त्याच्या किटलीचा आवाज.

मग लहान घेतलं. सिंगल-फेज, दीडशे किलो, लाल,
कंपनीचं नाव धड वाचता येत नाही असं.
मशीनवर अर्धेच पैसे घाल, त्याने बजावलं होतं,
उरलेले कटर, कोलेट आणि चांगल्या शेगड्यात
आठवड्यात संपतील.
चार दिवसांत संपले.

ट्रकवाल्याने पेटी फुटपाथवर उतरवली, सही घेतली.
नियम म्हणे, फुटपाथपर्यंतच.
वर भुरभुर.
समोरचा झुबेर आला, त्याचा मेव्हणा आला,
पलीकडची मॉरीन नुसती सूचना द्यायला.
पाइपांवरून घरंगळत हत्ती आत गेला
आणि शेपूट राहिलं:
मोटारीचं खोकं दाराच्या बिजागरीत,
पाऊण तास.

पहिला तुकडा ॲल्युमिनियमचा.
त्याचं काही बनवायचं नव्हतं.
शेगड्यात आवळला,
चाक आधी उलटं नेलं, पोकळपणा मोजला, सतरा रेघा,
मग एकाच बाजूने हळू आणलं,
आणि कटर टेकायच्या क्षणी
सवयीने तोंडातून निघून गेलं,
हलू नका.

कीस उडाला, गरम, चकचकीत,
एक तर स्वेटरच्या गळ्यातून आत.
गुण्या खिळ्यावर आहे.
तो उद्या.