खांद्यापर्यंत

आस्गेर शिडीवरून अजून उतरत नाही.
खाली मी, शिडीचे पाय धरून;
वर त्याचे बूट, तळव्यांत अडकलेलं शेवाळ.
लेसो बेटावर असली छपरं आता मोजकीच:
समुद्रातल्या गवताची, कमरेइतकी जाड,
माथ्यावर रानफुलं, पोटात उंदीर.

फोनवर मुलगा म्हणाला, "आई, पत्रा टाक.
एक लाख ऐंशी हजार क्रोनर, नऊ दिवस, विषय संपला."
तो ओडेन्समध्ये चौथ्या मजल्यावर राहतो.
त्याचं छप्पर म्हणजे
पाचव्या मजल्यावरच्या माणसाची फरशी.

मी हिशेब मांडला पावाच्या पिशवीमागे.
एका बाजूला पत्रा. दुसऱ्या बाजूला गवत:
दुसऱ्या बेटावरून बोटीनं आणायचं,
शेतात पसरायचं, पावसानं धुऊ द्यायचं,
उन्हात उलटंपालटं करायचं अख्खा हंगाम,
मग दंडाएवढ्या वेण्या पिळून वाशांना बांधायच्या.
वेण्या पिळणाऱ्या उरल्यात चौघी,
त्यातल्या तोरबोर्गचे सांधे धरलेत.
पत्र्याच्या बाजूला मी एक शून्य जास्त लिहिलं, मुद्दाम.
मग खोडलं.

खरं सांगते, मला हे छप्पर कधीच फारसं आवडलं नाही.
त्याच्याखाली भर दुपारी दिवा लावावा लागतो.
खिडक्यांवर ते भुवयांसारखं उतरलेलं;
चाळीस वर्षं कुणीतरी संशयानं बघतंय माझ्याकडे.
लग्न होऊन आले तेव्हा सासू म्हणाली,
"हे बायकांनी घातलंय. पुरुष तेव्हा समुद्रावर होते."
"आणि गळायचं तेव्हा?"
"तेव्हाही समुद्रावरच."

यंदा फेब्रुवारीत गळलं,
शिलाई मशीनच्या बरोब्बर वर.
काही दिवस मी ते दुखणं अंगावर काढलं.
मग विम्याचा माणूस आला, त्यानं कागद चाळले,
कौलं, पत्रा, स्लेट, काँक्रीट,
आणि "इतर" समोर खूण करून निघून गेला.

आता आस्गेर बाही वर करतो.
हात आत घालतो: मनगट, कोपर, खांदा.
गाल छपराला टेकलेला, डोळे मिटलेले,
अडलेल्या गाईपाशी जनावरांचा डॉक्टर उभा राहतो तसा.
आधी बाहेर येतो काळा चिखल.
मग मुळ्या, चिमणीचं जुनं घरटं,
एक बटण, कुणाचं कोण जाणे.
मग तो थांबतो.
आणि मूठ भरून काढतो
करडं, कोरडं, फितीसारखं गवत,
काल वाळत घातल्यासारखं.
जिभेला लावतो. "मीठ," म्हणतो. "अजून आहे."

मी खालून विचारते, "मग गळतंय कशानं?"
तो एक वेणी ओढून दाखवतो.
शेजारच्या साऱ्या उजवीकडे पिळलेल्या,
ही एकटी डावीकडे.
"डावखुरी असेल कुणी. किंवा नवशिकी.
इतकी वर्षं पाणी वाट शोधत होतं,
शेवटी सापडली."

मला वाटलं होतं, आता तो काहीतरी मोठं बोलेल.
तो म्हणाला, "उत्तरेचा कोपरा उघडायचा. बाकीचं ठेवू.
पण गवत पुढच्या उन्हाळ्याच्या आत नाही.
तोवर ताडपत्री. निळी आहे, चालेल?"
जिथं फाटलं तिथं शिवावं, हे कळायला
मला सुई हातात असूनही इतके आठवडे लागले.
मुलाला कळवलं. तो बराच वेळ गप्प होता,
मग म्हणाला, "निळी? वरून विमानातून दिसेल."

संध्याकाळी वारा सुटला.
ताडपत्री फडफडत राहिली, शीड असल्यासारखी,
आणि घर काही कुठे गेलं नाही.
मशीन मी दोन हात सरकवलं, बादलीला जागा केली.
ताडपत्री असूनही एखादा थेंब येतोच.
झोपण्याआधी बोट बुडवून चाखलं:
किंचित खारट.

म्हणजे मीठ चाललंय, थेंबाथेंबानं, माझ्याच बादलीत.
उद्या तोरबोर्गकडे जायला हवं,
सकाळीच,
तिची बोटं दुपारनंतर वळत नाहीत.