कानस

मुलुंडच्या आयटीआयत पहिल्या दिवशी
घरत सरांनी फळ्याकडे पाठ केली
आणि प्रत्येकाच्या हातात ठेवला
लोखंडाचा ओबडधोबड तुकडा.
"सपाट करा. दिवाळीपर्यंत."

शेगड्यात तुकडा, उजव्या मुठीत कानस,
टोकावर डावा तळवा.
ढकलताना जोर, परतताना नाही.
हे त्यांनी एकदाच सांगितलं,
मग माझ्या हातांवर हात ठेवून
वीस वेळा.

गुण्या लावला की खालून उजेड डोकवायचा.
"उजेड नंतर बघ. आधी डोळे मीट."
मी अंगठा फिरवायची.
नुसतं गार. नुसतं लोखंड.
फोड आले, फुटले,
डब्यातल्या पोळीला ऑइलचा वास लागला.
आई म्हणाली, भांडुपच्या ताईंकडे
मेंदी तरी शिकली असतीस.

मग एका दुपारी,
बाहेर मेट्रोचं खोदकाम दणदणत असताना,
अंगठ्याला काहीतरी अडलं.
दिसत नव्हतं. होतं.
ड्रेसच्या आतली शिवण टोचावी तसं.

सरांना हाक मारली.
त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं,
मग बोटाकडेच बघत राहिले.
तीस वर्षांचे घट्टे.
"मला लागत नाही गं हल्ली. कुठंय?"

मी त्यांचा हात उलटा केला.
मनगटाच्या आत, घड्याळाच्या पट्ट्याखाली
कातडी अजून कोवळी होती,
पांढुरकी, कधीच कामावर न आलेली.
तिथे तो कोपरा टेकवला.

जरा वेळ गेला.
"हां," ते म्हणाले,
"आहे."
आणि पट्टा पुन्हा बांधत,
"घास अजून."