शिंगळ्याची नोंद

सोरियाच्या डोंगरात, हिवाळ्यात अकरा
आणि जूनमध्ये चौदा माणसं असलेल्या गावात
मी शिंगळा घुबडाचा आवाज आणायला गेले.
चौदावी मीच.

साडेदहाला गुरांच्या हौदाजवळ तिपाई मांडली,
माईकला केसाळ टोपी घातली.
टोपीवर सातुरिओचा कुत्रा दोनदा गुरगुरला
आणि मग तिच्याशेजारीच झोपला.
हेडफोन लावले, तशी रात्र
एकदम डोक्याच्या आत आली:
हौदाची धार, पॉप्लरची पानं,
कुत्र्याचं पोट, माझं पोट,
खालच्या वाटेवर एक चुकार घंटा,

आणि मग
त्यू.

श्वास धरला. एक, दोन,
त्यू.

काचेच्या पेल्याला कुणी
नखानं हलकी टिचकी मारावी तसा.
अंधारात घुबड शोधू नये, असं मला शिकवलंय.
कान द्यावा, हात खिशात ठेवावेत.
ठेवले. थंडी जूनची नव्हतीच.
तीनला पायांना मुंग्या आल्या,
चारपर्यंत मुंग्याही कंटाळून गेल्या.
तो मात्र ना वर, ना खाली,
जुना हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखा
एकेका आकड्यापुढे टिंब देत राहिला.

सकाळी सातुरिओच्या स्वयंपाकघरात ऐकवलं.
वय सत्त्याऐंशी, डावा कान बाद.
उजव्याला हेडफोनचा एकच कप दाबून,
डोळे मिटून, दुधात बुडवलेला पाव तसाच धरून बसला.
पाव तुटून पेल्यात पडला.
मग तो हसायला लागला.

"अगं नीएवेस, हा कसला शिंगळा!
हा माझ्या हौदाचा भेक.
भिंतीत राहतो, तिसऱ्या दगडाखाली.
मादी अंडी देते आणि जाते.
हा ती माळ मागच्या पायांना गुंडाळून
आठवडेच्या आठवडे हिंडतो,
पाण्यात सोडायची वेळ येईपर्यंत.
बायको मला म्हणायची, बघ, जमतं एखाद्याला."

साडेपाच तास.
एका बेडकाचे.
वहीतलं 'शिंगळा, नर, एक' खोडलं,
खोडताना कागद फाटला.
"रागावलीस?"
नाही म्हटलं.
"मग अंडं खा."

शिंगळा यायचा म्हणे, एप्रिलात, आफ्रिकेहून,
शाळेमागच्या अक्रोडावर.
अक्रोड लाकूडवाल्याला विकला.
शाळा त्याच्याही आधी गेली.

दुपारी खाटेवर पडून, सगळं पुसायच्या आधी,
उगाच पुढे पुढे सरकवत ऐकत होते.
तीन वाजून बारा मिनिटं.
माझे बूट आपटल्याचा आवाज, माझीच एक शिवी,
आणि त्या शिवीखाली, ओढ्यापलीकडून,
दुसरा त्यू.

किंचित लांब. शेवटी जरासा खरखरीत.
बेडकाच्या दोन टिंबांच्या
बरोबर मधल्या जागेत.
पुन्हा. पुन्हा.
मोजले: सोळा.

म्हणजे त्यालाही वाटलं होतं,
हौदावर आपल्यातलाच कुणीतरी आहे.
भांडायला आला असेल, किंवा नुसताच बोलायला.
सतराव्याच्या जागी काही नाही.
मी तेव्हा मुंग्या झटकत होते.
बेडूक चालूच.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली.
खोडलेलं पुन्हा लिहिलं,
खाली बारीक अक्षरात: साथीला भेक, एक,
बहुधा अंड्यांसह.

संध्याकाळी सातुरिओला तेवढाच तुकडा ऐकवला.
त्यानं बोटांवर सोळा मोजले,
ओठ हलले, बोलला नाही.
सोळा झाले तरी हेडफोन काढेना.
पुढे काही नाही, मी म्हटलं.
दोनदा म्हटलं, मग उजव्या बाजूला जाऊन म्हटलं.

"माहितेय," तो म्हणाला.
"धार ऐकतोय. हौदाची.
चालू आहे तर अजून."