शिडी

मार्च संपला की मी खाती बंद करते,
म्हणजे बंद करायला बसते.
ट्रेवोर्गी नगर परिषद, कॉर्नवॉल.
दोन सार्वजनिक शौचालयं, एक दफनभूमी,
धक्क्यावरचे अकरा दिवे, त्यातले नऊ लागणारे,
आणि मी, लव्हडे नान्सकिव्हेल, अर्धवेळ चिटणीस,
आठवड्याचे बावीस तास.

ताळा जुळतो. दरवर्षी जुळतो.
एकदा सात पेन्सांसाठी गुड फ्रायडेला
अंगात कोट ठेवूनच कचेरीत बसले होते,
कारण हीटर आठवड्यातून तीनच दिवस,
तेही ठरावानं.

मग कागद ब्रिस्टलला जातात
आणि ब्रिस्टल गप्प.

पहिल्या वर्षी टोबायस होता, नम्र, सर्दी झालेला.
दुसऱ्या वर्षी इफेयिन्वा. तिनं चांगले प्रश्न विचारले
आणि उत्तरं पोचायच्या आत नोकरी सोडली.
तिसऱ्या वर्षी "आपला संदेश मिळाला आहे",
एवढंच, पण दर वेळी तत्परतेनं.

जूनमध्ये मी खिडकीत सूचना लावते:
तीस दिवस, कुणीही यावं, हिशेब पाहावेत.
एकच माणूस येतो. डिग्री पेंगेली.
जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली,
अजून पान उलटण्याआधी बोटं विजारीला पुसतो.
"हे कधीचे?"
"हे यंदाचे. मागचे तीनही आहेत, तपासायचे राहिलेले."
"मग मागचेच दे," तो म्हणाला, "ते मुरले असतील."
आणि बोट ठेवलं व्हाउचर दोनशे चौदावर:
शिडी, भाड्यानं, एक दिवस, छत्तीस पौंड,
धक्क्यावरचे दिवे बदलण्यासाठी.
"दिवे तर बदलले नाहीत."

मी तेही ब्रिस्टलला कळवलं.
घोंगडं भिजतच होतं, त्यात आणखी एक धागा.

ज्यांनी अध्यक्ष म्हणून सही केली ते मिस्टर ट्रेथेवी
आता त्याच दफनभूमीत आहेत
जिथलं गवत कापल्याचा खर्च
त्यांच्या सहीखाली मंजुरीची वाट पाहतो.
नव्या अध्यक्षबाई विचारतात, शिल्लक किती?
मी आकडा सांगते.
नक्की?
माझ्याकडून नक्की.
मैदानातला झोका साखळीनं खांबाला बांधलेला,
दुरुस्तीच्या अनुदानाला तपासलेले हिशेब जोडावे लागतात.
ज्या मुलाच्या आईनं तक्रार केली होती
त्याला मिसरूड फुटलं.

मग वरून मुदत आली, तेव्हा पत्र आलं.
चार वर्षांना मिळून एक पत्र, दीड पान.
पुरेसा पुरावा पाहण्यास वेळ न मिळाल्यामुळे
आम्ही कोणतंही मत देत नाही.
बरोबर नाही. चूकही नाही.
मी ते तीनदा वाचलं,
एखाद्याला चार वर्षं जेवायला थांबावं
आणि त्यानं दारातूनच सांगावं, मला भूक आहे की नाही ठाऊक नाही,
तसं.

संध्याकाळी मिठाची पोती आणायला शौचालयामागे गेले,
रस्त्यावर बर्फ धरणार होतं.
आयव्हीच्या वेलीखाली काहीतरी ॲल्युमिनियमचं.
खालच्या पायरीला दुकानाचं लेबल, पाण्यानं फिकट,
परतीची तारीख तेवढी वाचता येते.

एक दिवस. छत्तीस पौंड.
कुणी मागितली नाही, कुणी चुकवली नाही,
दुकानाच्या जागी आता आइस्क्रीम मिळतं, तेही उन्हाळ्यात.
दोष कुणाचा म्हणायचा?
माझा. सगळी व्हाउचरं पाहिली,
शौचालयामागे पाहिलं नाही.

डिग्रीला फोन केला. तो टॉर्च घेऊन आला,
हसला नाही, हे त्याचे उपकार.
मालमत्तेची वही गुडघ्यावर ठेवून
थंडीत उकिडवा बसला.
मी वेल ओढत गेले, तो मोजत गेला.
बारा पायऱ्या, वरून चौथी वाकलेली.
"वाकलेली धरायची का?"

धर, मी म्हटलं.
पण कंसात लिही.