विल्ट

हेस्टर पिलबीमकडे या शब्दाच्या तीन खोल्या आहेत.

पहिली साधी. दुपारच्या उन्हात
हायड्रेंजिया माना टाकते.
एक झारी पाणी, आणि चहाच्या वेळेला पुन्हा ताठ,
जणू काही झालंच नव्हतं.

दुसरी कुलपातली.
केंट, एकावन्न सालचा जुलै, बापाचा हॉप्सचा मळा.
खालची पानं पिवळी, मग वाघासारखी पट्टेरी,
वेल चिरला तर आत तंबाखूचा रंग.
आपण या रोगाला मर म्हणतो,
थेट आज्ञार्थी. इंग्रजी निदान
आवाज खाली ठेवते.
सरकारी माणूस आला, पिंपात बूट बुडवून,
म्हणाला, अडीच एकर उपटा, जागीच जाळा.
रोग मातीतून येतो. माती पायांतून.
कुणाच्या, ते बोलला नाही.

रूबेन होनेस टेकडीपलीकडच्या मळ्यात कामाला.
तिथे आदल्याच वर्षी आग पेटली होती.
अख्खा एप्रिल तो वेलांच्या ओळींमधून, आडवाटेने,
तिला भेटायला यायचा.
ओला एप्रिल. बुटांना ही एवढी माती.
ती काटकीने खरवडून काढायची, हसत,
तिथेच, बांधावर.

तिसरी खोली चर्चमध्ये.
ऑक्टोबर. कोटांना अजून जळक्या वेलांचा वास.
पाद्री जुन्या भाषेत विचारतो,
आणि जुन्या भाषेत 'करशील ना?' याला
हाच शब्द.
आधी रूबेनला विचारला. मग तिला.
दोन्ही वेळा पहिल्या बाकावर बाप
जावयाच्या पायांकडे बघत राहिला.
बूट नवे होते. पॉलिश केलेले.

व्याकरणवाले सांगतात, दोघांचं गोत्र वेगळं,
कोमेजण्याचा विल्ट निराळा, कबुलीचा निराळा,
चुकून एका दारात भेटलेले.
असेल.

आता ती शहाऐंशीची. रूबेन जाऊन नऊ वर्षं झाली.
अडीच एकरांत मेंढ्या, आणि कुणाचा तरी ट्रॅम्पोलिन.
मी विचारलं, त्या मातीबद्दल
कधी बोललात का दोघं?

'कशाला?' ती म्हणाली.
'विचारलं तेव्हा दोघंही हो म्हणालो होतो.'

मग झारी माझ्या हातात दिली.
तोटीपाशी गळत होती.
हायड्रेंजियापर्यंत जाईस्तोवर
माझे बूट भिजले.