टाच जमिनीला

चार दिवस आम्ही बोललो नव्हतो.
शिंगाड्याची पोती काट्यावर चढवताना
व्यापाऱ्यासमोर तो म्हणाला,
"इले मोजता येत नाही. अकराच हायेत."
मी बारा मोजली होती.
बोडीच्या पाण्यात छातीपर्यंत उभी राहून,
ट्रॅक्टरच्या ट्यूबवर टोपली ठेवून,
बोटांत काटे मोडून घेत
एकेक पोतं मीच भरलं होतं.

मग भात वाढला, ताट सरकवलं,
कोंबड्यांशी बोलले, बकरीशी बोलले.
त्याच्याशी नाही.

पाचव्या रात्री
उजव्या पोटरीत कुणीतरी गाठ मारली.
ओल्या सुंभाची बसते तशी,
ओढावी तितकी घट्ट.
अंगठा आपोआप वाकडा झाला,
कातडीखाली मांसाचा गोळा
डहाळी मासोळीसारखा उसळून ताठला.
ओरडायचं नाही असं मी ठरवलं होतं.
ओरडले.

त्यानं दिवा शोधला नाही.
अंधारातच गोधडी सारली,
माझी टाच तळहातात घेतली
अन् चवडा हळूहळू माझ्याकडे रेटू लागला.
"गुडघा वाकवू नको, सरसता. श्वास सोड."
"माहा पाय सोड. पाप लागन तुले."
"लागू दे," तो म्हणाला.

गाठ लगेच सुटत नाही.
हिसका दिला तर आणखी आवळते,
हे त्याला जाळ्यामुळं ठाऊक.
गुंतलेलं जाळंही तो असंच धरून बसतो,
ओढत नाही, वाट पाहतो.
पाय धरणं म्हणजे काय
ते आमच्याकडं लहान पोरालाही कळतं.
मी काही म्हटलं नाही.
तोही नाही.
पोटरी सैल झाली तरी
टाच बराच वेळ त्याच्याच हातात होती.
मग त्यानं चूल पेटवली,
गरम पाण्यात धोतराचा तुकडा पिळून
पोटरीवर ठेवला,
सोसवतो का, असं आधी स्वतःच्या मनगटावर पाहून.

उपकेंद्रातल्या उईके सिस्टरनं विचारलं,
"दिवसभरात पाणी किती?"
मला हसू आलं. छातीएवढं, मी म्हटलं.
"बाहेरचं नाही. आतलं विचारते."
आता तिला काय सांगू,
बोडीत उतरलेल्या बाईनं लघवीला कुठं जायचं?
म्हणून आम्ही साऱ्याजणी
तोंड सुकवून पाण्यात उभ्या राहतो.
ती काही क्षण गप्प झाली.
तिनं दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या, शेजारी शेजारी.
म्हणाली, एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला
तर चोळत बसू नको, गाडी कर अन् ये.
एरवी मात्र पाणी पी,
घाम निथळला तर लिंबू-मीठ टाकून पी,
अन् पायावर गोधडी खोचून झोपू नको,
चवडे खाली दाबले जातात.
निघताना तिनं भिंतीला हात टेकून दाखवलं.

आता आम्ही साऱ्याजणी ठरवून बांधावर येतो,
दोघी लुगडं आडवं धरतात,
अन् बाटली रिकामी होते.

रात्री निजण्याआधी मी भिंतीसमोर उभी राहते.
तळवे मातीवर, एक पाय पुढं वाकवलेला,
मागचा लांब, सरळ.
शेजारची पोर दारातून विचारते,
"काकू, भिताडाशी काहून भांडता?"
पोटरी ताणते, पण दुखत नाही,
दुखेल इतकं ताणायचंच नसतं.

तो खाटेवर जाळं विणत बसलेला असतो.
न सांगता मोजतो, तीसपर्यंत,
एका पायाला, मग दुसऱ्या.
नऊ. दहा. अकरा.
तिथं त्याची सुई थांबते.
मग जरा खालच्या आवाजात,
"बारा."

मी मागं वळून पाहत नाही.
गुडघा सरळ.
टाच जमिनीला.