भरलेल्याला वाट

वसरीत आता बसायला जागा नाही.
दहा फुटांची चौकट, तिच्या रुळांवर सरकणारं यंत्र.
कोईम्बतूरहून आलं, वापरलेलं,
एका मुठीला तडा गेलेलं.
दारातून शिरेना, तेव्हा खिडकीचे गज कापले.
ते मागच्या पडवीत उभे आहेत अजून,
आणि खिडकी मांजराची झाली आहे.
पाहुण्याला पायरीवरच चहा.

बांगडे कापून झाले की
हात आधी साबणानं, मग लिंबाच्या सालीनं,
मग नाकाशी.
पांढऱ्या कापडाला सगळं कळतं.
पर्वरीहून एक गोधडी परत आली होती,
सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही.
मी हुंगली आणि काही विचारलं नाही.

कापड बेतते टिपरच्या फाळक्यावर.
टिपर भंगारात गेला तेव्हा सगुण म्हणाला, एवढा राहू दे.
तोलणाऱ्यानं तेवढे किलो वजा केले, मान हलवत.
चार चिऱ्यांवर ठेवलाय. वर चटई, खाली पिवळी अक्षरं:
सावकाश.
आणि मी कापते घाईघाईनं,
कारण कुरियरवाला साखळीहून चारला निघतो.

खाण बंद झाली त्या वर्षी
तो सोप्यावर बसून असायचा,
हात मांडीवर, बोटं अर्धी मिटलेली,
मध्ये गोल पोकळी, स्टिअरिंगएवढी.
मी त्याला बॉबिन भरायला दिल्या.
इतक्या गच्च भरायचा की दोरा ताणून तुटे.
मग माझं मनगट सुजलं
ऐन बारा नगांच्या ऑर्डरीत.
त्यानं दोन्ही मुठी धरल्या, मान वळवून विचारलं,
ब्रेक खंय गे?

कागदावरची फुलं, शिंपले त्याला जमत नाहीत.
तो उजवीकडे जातो, लांबवर,
अरुंद वळण घेतो, खाली उतरतो,
पुन्हा लांबवर, पुन्हा वळण.
चौथ्या ओळीला मी ओळखलं.
वरच्या पट्ट्यापासून काट्यापर्यंतचा रस्ता,
रोज बारा खेपा, एकोणीस वर्षं.
भरलेला चाललाय की रिकामा? मी विचारलं.
टाका बघ, म्हणाला.
जिथे बारीक पडलाय तिथे भरलेला.
वळणावर समोरासमोर आलो तर
रिकाम्यानं थांबायचं. भरलेल्याला आधी वाट.

कांदोळीच्या हॉटेलातली मॅडम बोटं फिरवत म्हणाली,
काय सुंदर लाटा! समुद्र जवळ आहे ना तुमच्या?
आमच्या वेळग्यातून समुद्र दिसत नाही.
दिसतो खड्डा, पाण्यानं भरलेला, हिरवागार,
पोहायला जाऊ नये असा.
आम्ही दोघांनीही हो म्हटलं.
बिलावर लिहिलं: लाटा, डबल, सहा नग.

उलट बाजू मी कुणाला दाखवत नाही आधी.
गाठी तिथे, सुटलेले टाके तिथे,
वीज खालीवर झाली ती वेळही तिथे.
संध्याकाळी सगळं गाव पंप लावतं
आणि यंत्र कण्हत चालतं.
दीक्षा त्याच दिव्याखाली गणितं करते,
मध्येच आमचा हिशेबही:
कापूस वाढला, दोरा वाढला,
शेजारच्या कुंदाताईंकडून अजून साडेसातशे येणं,
त्या रोज भेटतात, त्यामुळे मागता येत नाहीत.

काल शेवटची ओळ. चार वळणं उरली असतील.
वीज गेली.
दीक्षा मेणबत्ती शोधत आत कशाला तरी आपटली.
सगुण मात्र हलला नाही.
अंधारात मुठी धरून उभा,
सुई कापडात रुतलेली.
म्हणाला, पुढून कोण येतंय का बघ.

मी बघितलं. खिडकीत दोन डोळे,
तोंडात बांगड्याचं डोकं,
माझ्याच कचऱ्यातलं.

भरलेलं आहे, मी म्हटलं.

तो एक पाऊल मागे सरकला.